पात्रता मदतीची तपासावी

जुलै सरत आला आणि वेदगंगा-दूधगंगेचे पाणी पात्र सोडून शिवारात शिरू लागले, की आमच्या सीमाभागात पुराबरोबर एक जुना वादही वर येतो. पाऊस पडतो राधानगरी-भुदरगडच्या डोंगरात, पाणी चढते निपाणी-चिकोडीच्या गावांत, आणि वाद रंगतो बेळगावच्या कट्ट्यांवर. एक पक्ष म्हणतो, पूरग्रस्तांना द्यायचे तेवढे देऊन झाले. आता लोकांना फुकटाची सवय लागली आहे, ज्यांच्या उंबऱ्याला पाणी शिवलेही नाही तेसुद्धा रांगेत उभे राहतात, म्हणून दान करायचे तर पात्र पाहूनच करावे. दुसरा पक्ष म्हणतो, संकटाच्या वेळी हिशेब काढत बसू नये. ज्याला जे जमेल ते त्याने द्यावे आणि देणाऱ्याच्या हेतूवर कोणी शंका घेऊ नये. दोन्हीकडची माणसे मनाने वाईट नाहीत. पहिल्या पक्षातले कित्येक जण दरवर्षी स्वतः पावती फाडतात, दुसऱ्या पक्षातले भर पावसात ट्रकमधून पोती उतरवतात. तरीही हा वाद मुळात चुकीच्या जागी घातला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला पक्ष घेणाऱ्याची परीक्षा घेतो, दुसरा देणाऱ्याचे कौतुक करतो, आणि प्रत्यक्ष जी वस्तू किंवा रक्कम एका हातातून दुसऱ्या हातात गेली ती त्या दिवशी त्या घराच्या उपयोगाची होती का, हा प्रश्न दोघेही विचारत नाहीत. पात्रता तपासायचीच असेल तर आधी मदतीची तपासावी, आणि ती तपासण्याचा पहिला अधिकार मदत घेणाऱ्याचा असावा.

ऑगस्ट २०१९ मध्ये निपाणीजवळच्या यमगर्णीत महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक बंद पडली. रस्ता खुला झाल्यावर आम्ही काही जण टेम्पो भरून वेदगंगेकाठच्या एका गावी गेलो. उंचावरच्या शाळेत लोकांना ठेवले होते. व्हरांड्यात कमरेइतका जुन्या कपड्यांचा ढीग पडला होता. त्यात लग्नातला कोट होता, लोकरी कानटोप्या होत्या, जोडीविना राहिलेले बूट होते, आणि खालचा थर ओल धरून कुबट झाला होता. भिंतीलगत बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. समोर पटांगणात चिखलात म्हशी बांधल्या होत्या, आणि त्यांच्या पुढ्यात काहीही नव्हते. टेम्पो पाहून एक बाई पुढे आली आणि म्हणाली, "कापडं नकोत बघा दादा, वैरण असली तर द्या की. तीन दिस झालं, जनावर उपाशी हाय." नदीकाठच्या घरात म्हैस म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगावे लागते. ऊस पाण्याखाली कुजला, नदीवरचा मोटरपंप वाहून गेला, तर पुढचे वर्षभर रोख पैसा येतो तो दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलातून. ती बाई जनावरावरच्या मायेने बोलत होती आणि घरखर्चाचेही बोलत होती. आमच्या टेम्पोत ब्लँकेटे होती, नूडल्सची पाकिटे होती; कडब्याची एक पेंढीही नव्हती. निघण्यापूर्वी गावात एक फोन करून विचारावे, हे आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते. त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही.

असे ढीग आमच्याच गावात पडले असेही नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढिगारे रस्त्याच्या कडेला पडून राहिले. आपल्या कष्टावर जगणाऱ्या कोळी कुटुंबांनी दुसऱ्याचे उतरलेले कपडे अंगावर घालायचे नाकारले, आणि ते उचलून दूर टाकण्यातच स्थानिक यंत्रणेचे श्रम गेले. देणाऱ्यांच्या भावनेत खोट होती का? मुळीच नव्हती. पण कपाट रिकामे करणे ही देणाऱ्याची सोय असते, आणि सोयीला दान म्हटले की तिची चिकित्सा थांबते. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवून दिले, की लाखो माणसे मेली तेव्हा प्रांतात धान्य अगदीच नव्हते असे नाही. मजूर, कोळी, कारागीर यांच्या हातात ते विकत घेण्याची ताकद उरली नव्हती. पूर ओसरल्यावर आमच्याकडेही हेच होते. आठवड्याभरात निपाणीचा बाजार भरतो, दुकानात तांदूळ असतो, किराणा असतो, पत्रे आणि खिळेही असतात. पूरग्रस्ताच्या खिशात मात्र पैसे नसतात. अशा वेळी मुंबई-पुण्याहून तांदळाचे ट्रक आणणे म्हणजे वाहतुकीवर खर्च करून, चिखल उपसून नुकत्याच उघडलेल्या गावच्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तोडणे होय. त्याचे दुकानही पुरातच बुडालेले असते, आणि त्याचे नाव कोणत्याच यादीत नसते.

यावर जो आक्षेप घेतला जातो तो खरा आहे आणि तो मी मान्य करतो. पहिल्या चार-सहा दिवसांत पैसा कुचकामी असतो. रस्ता बंद, वीज गेलेली, दुकाने पाण्यात; तेव्हा नोट चावून भूक भागत नाही. त्या दिवसांत नाव लागते, शिजवलेले अन्न लागते, पिण्याचे पाणी लागते, साप चावलेल्याला प्रतिविषाचे इंजेक्शन लागते, आणि ते घेऊन जो पोहोचतो त्याला मी हात जोडतो. रोख मदत दिली की घरातला पुरुष ती दारूत घालवतो, हाही आक्षेप नेहमी ऐकू येतो. काही घरांत तसे घडते. पण दारूसाठी तांदळाचे पोतेही विकता येतेच. मग रोख रकमेवरच इतका राग का? आणि रक्कम घरच्या बाईच्या खात्यावर जमा करण्यापासून आपल्याला कोणी अडवले आहे?

सर्वांत जड आक्षेप खोट्या लाभार्थींचा आहे. २०१९ मध्ये कर्नाटक सरकारने बाधित कुटुंबाला तातडीचे १० हजार रुपये आणि पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख रुपये जाहीर केले, आणि त्यानंतर कोणाचे घर कोणत्या वर्गात बसले यावरून गावोगाव भांडणे झाली. धडधाकट भिंतीला पडकी दाखवणारे होते, एका घराच्या दोन नोंदी करून घेणारेही होते. हे मी नाकारत नाही. असे पैसे खऱ्या पूरग्रस्ताच्या वाट्यातून जातात आणि त्याचा राग यायलाच हवा. परंतु यादीत घुसलेल्या चार नावांची चर्चा वर्षभर चालते आणि यादीबाहेर राहिलेल्या माणसाची चर्चा एक दिवसही होत नाही, हे कसे? नदीकाठी भाड्याच्या खोलीत राहून विड्या वळणारी बाई घ्या. घर तिचे नाही, म्हणून पडलेल्या भिंतीचे पैसे मालकाला. शेत तिचे नाही, म्हणून पिकाची भरपाई नाही. ठेकेदाराकडून आणलेले पान आणि तंबाखू पुरात भिजले तर ते नुकसान तिच्या मजुरीतून वळते होते. तिचे जे गेले त्याला कोणत्याही अर्जात रकाना नाही. चार भावांचा एकत्र उतारा असेल तर थोरल्याच्या नावाने एकच मदत येते आणि बाकीचे तीन संसार कागदावर अस्तित्वातच नसतात. चाळणी बारीक केली की खडे कमी येतात हे खरे, पण धान्यही वरच अडकते. त्याच महिन्यात महाराष्ट्रात मोफत धान्यासाठी घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असल्याची अट घातली गेली आणि तिच्यावर जोरदार टीका झाली. मातीची भिंत ढासळायला दोन दिवस लागतात, असे ती अट लिहिणाऱ्याला खरोखर वाटले होते का?

गरजवंताला पारखून घेण्याचा हा हव्यास आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्याची सर्वांत मोठी किंमत याच मुलखाने मोजली आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील बेळगाव, धारवाड आणि तेव्हाचा कलादगी (आजचा विजापूर-बागलकोट भाग) हे जिल्हे होरपळून निघाले. सरकारी तिजोरीची चिंता वाहणारे ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेम्पल यांनी ठरवले, की दुष्काळी कामावर येणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा, एवढ्यात भागले पाहिजे. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि काम खडी फोडण्याचे. त्यातच लोकांना गावाजवळच्या कामावरून उठवून लांबच्या छावण्यांवर पाठवायचे, म्हणजे खरा उपाशी असेल तोच चालत येईल, असा तर्क होता. मजुरांनी मोठ्या संख्येने कामे सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जामागून अर्ज केले. चालण्याची ताकद उरलेला माणूस त्या परीक्षेत उत्तीर्ण होत होता आणि ज्याच्यासाठी ती मदत होती तो वाटेतच पडत होता. १८७२ च्या तुलनेत १८८१ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. अपात्र माणसाला एक दिवसाची मजुरी मिळू नये म्हणून एवढी दक्षता घेण्यात आली होती.

याच दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाच्या शिफारशींतून दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचे याची नियमावली, आली, आणि १८९६ मध्ये पावसाने पुन्हा पाठ फिरवली तेव्हा टिळकांनी जे केले ते मला मदतकार्याच्या इतिहासातले मोठे पाऊल वाटते. त्यांनी 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांमार्फत शेतकऱ्यांना संहितेतल्या तरतुदी समजावून सांगितल्या आणि हे तुमच्या हक्काचे आहे, ते मागा, असे बजावले. अन्नछत्रेही हवीतच, १८७७ मध्ये सत्यशोधक समाजाने दुष्काळातल्या मुलांसाठी केलेले काम कोण विसरेल? पण अन्नछत्र चालवणारा दमला की ते बंद पडते, आणि हक्काची माहिती एकदा गावात पोहोचली की ती पुढच्या दुष्काळातही उपयोगी पडते. टेम्पल यांच्या छावण्यांनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७७ मध्ये, महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ती योजना १९७२ च्या दुष्काळाच्या कामांवर तावून सुलाखून निघाली होती. तिथेही लोक खडीच फोडत होते. फरक एवढाच, की १८७७ मध्ये काम ही माणसाची परीक्षा होती आणि १९७७ मध्ये काम हा त्याचा हक्क झाला. मागणाऱ्याने मागितले की सरकारने द्यायचे. गरज आहे की नाही हे ठरवणारा अधिकारी बाजूला झाला आणि ते ठरवणारा माणूस स्वतः पुढे आला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तोच धागा उचलला आणि काम शक्यतो गावापासून ५ किलोमीटरच्या आत द्यावे, असेही म्हटले.

मदतीने माणूस ऐतखाऊ होतो, असे म्हणणारे आमच्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांचा दाखला देतात. 'कमवा आणि शिका' हे त्यांचे सूत्र. कुंभोजच्या या माणसाने मुलांच्या हातात भिक्षापात्र दिले नाही, कुदळ दिली, असे ते सांगतात. हा दाखला खरा आहे आणि स्वाभिमानाने शिकलेल्या हजारो मुलांनी तो सिद्ध केला आहे. परंतु वसतिगृहातले धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकून त्याच मुलांना जेवू घातले, तो प्रसंग या दाखल्यातून का गाळला जातो? त्या जेवणाने मुले ऐतखाऊ झाली नाहीत. पोट भरल्यावरच ती पुन्हा कुदळ उचलू शकली. माणूस मदतीने लाचार होत नाही. मदत मिळवण्यासाठी ज्या दारात ज्या रीतीने त्याला उभे केले जाते, तिथे तो लाचार होतो.

ही रीत समजून घ्यायला आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांना फार लांब जावे लागत नाही. आमच्या शेजारच्या लिंगायत घरांत दान या शब्दाऐवजी दासोह हा शब्द आदराने उच्चारला जातो. बाराव्या शतकात बसवेश्वर आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी कायक आणि दासोह ही जोडी सांगितली: आपल्या श्रमाने मिळवावे आणि त्यातला वाटा समाजापुढे ठेवावा, तोही दास म्हणून. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, हे चित्र तिथे उलटे होते. आता पूरग्रस्त छावणीत काढलेले एखादे छायाचित्र आठवा. धान्याचे एक पाकीट, त्याला लागलेले सहा पांढरेशुभ्र हात, आणि मध्ये खाली मान घातलेली म्हातारी. २०१९ च्या पुरात इचलकरंजीकडे धान्याच्या पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रे चिकटवली गेली आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. तो योग्यच होता, पण आपल्या मंडळाच्या, आपल्या जातीच्या संघटनेच्या, आपल्या कंपनीच्या फलकापुढे तीच म्हातारी उभी केली तेव्हा आपल्याला संताप का आला नाही? रेड क्रॉस आणि इतर मोठ्या मदतसंस्थांनी १९९४ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेत म्हटले आहे, की आपद्ग्रस्तांना जाहिरातीत असहाय वस्तूंसारखे न दाखवता सन्मान असलेली माणसे म्हणून दाखवावे. देणगीदारांना पुरावा हवा असतो, हे मला कळते. पुरावा म्हणून रिकाम्या झालेल्या ट्रकचे छायाचित्र पुरेसे आहे.

मदतीच्या पात्रतेत भाषाही मोजावी लागेल, आणि सीमाभागात हे टाळून चालणारच नाही. निपाणी तालुक्यातल्या मराठी शेतकऱ्याला नुकसानीचा अर्ज कन्नडमध्ये मिळतो. तो भरायला तो कोणाच्या तरी हातापाया पडतो, आणि भरून देणारा कधी पैसे घेतो, तर कधी रकानाच चुकवतो. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत तिथे सरकारी कागद त्यांच्याही भाषेत द्यावेत, ही मागणी आम्ही वर्षानुवर्षे करतो ती अस्मितेसाठी म्हणून हिणवली जाते. पुराच्या चिखलात उभे राहून पाहिले की कळते, की ती भरपाईचीही मागणी आहे. आणि न्यायाने हेच महाराष्ट्रातल्या जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कन्नड गावांनाही लागू आहे, हे मी मराठी माणूस म्हणूनच म्हणतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते चिनी बाजूने डॉक्टर मागितले म्हणून. तिथे ते चिनी भाषा शिकले आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांचा देह पडला. रुग्णाच्या भाषेत बोलणे हा त्यांच्या लेखी उपचाराचाच भाग असावा.

येथे एक अवघड गोष्ट मला माझ्याच लोकांना सांगायची आहे. २०२२ मध्ये जतच्या सीमेवरच्या गावांवर कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी दावा सांगितला आणि त्या गावांच्या तहानेचा विषय दोन राज्यांच्या भांडणात ओढला गेला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू केली आणि कर्नाटकने त्यावर हरकत घेतली. सीमाप्रश्नावरची माझी भूमिका लपलेली नाही आणि मराठी रुग्णाला महाराष्ट्राकडून उपचार मिळावेत असे मला मनापासून वाटते. जतच्या शेतकऱ्याला पाणी मिळावे, मग ते कोणाच्याही कालव्यातून येवो, हेही तितकेच वाटते. पण रुग्णाचे कार्ड आणि गावचा तलाव ही आपल्या दाव्याची कागदपत्रे झाली, की दावा थंडावताच उपचारही थंडावतात. २०१९ मध्ये मराठी वाहिन्यांवर कोल्हापूर-सांगली होते, कन्नड वाहिन्यांवर उत्तर कर्नाटक होते, आणि आमची काठावरची मराठी गावे दोन्हीकडे मागे पडली. मदतीचे ट्रक जिथे कॅमेरे होते तिथे वळले. दावा न्यायालयात लढवावा, रस्त्यावरही लढवावा; औषधाच्या बाटलीवर तो चिकटवू नये.

हिशेबाबद्दलही बोललेच पाहिजे, कारण 'संकटात हिशेब काढू नये' हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मला सर्वांत घातक वाटते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारे लोकांसाठी खुली केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती नीट ऐकली तर त्यात विठू महाराच्या रूपाने विठ्ठल बिदरला जातो, धान्याची किंमत भरतो आणि पावती घेतो. लोककथेने देवालाही पावती चुकवू दिली नाही. आमच्या बेळगावातली गणेशोत्सव मंडळे वर्गणीचा जमाखर्च छापून घरोघर वाटतात. कोणी ५१ रुपये दिले तरी त्याचे नाव त्यात असते. हा हिशेब आपण देणाऱ्याला देतो. मदत ज्यांच्या नावाने गोळा केली त्या गावात, देवळाच्या भिंतीवर, किती जमले, कोणाला किती गेले आणि वाहतुकीला किती लागले, असा कागद लावलेला मी आजवर दोनच ठिकाणी पाहिला आहे. त्या कागदापुढे उभे राहून गावकरी स्वतःच सांगतात, की हे नाव खोटे आहे आणि ते नाव राहून गेले आहे. अपात्रांना रोखण्याचा याहून स्वस्त आणि सभ्य उपाय मला माहीत नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये महामार्ग पुन्हा पाण्याखाली गेला तेव्हा आम्ही टेम्पो भरण्याआधी त्याच गावात फोन केला. दुसऱ्या दिवशी फोनवर एका कागदाचे छायाचित्र आले. मुलाच्या वहीचे पान होते. अर्धी यादी मराठीत आणि उरलेली कन्नडमध्ये, कारण लिहिणाऱ्या दोघी होत्या. कडबा ४०० पेंढ्या. ब्लीचिंग पावडर. चिखल उपसायला डिझेल पंप दोन, भाड्याने चालतील. पाचवी ते सातवीची पुस्तके. रेशन कार्ड भिजली आहेत, अर्ज लिहून देणारा माणूस एक. आणि शेवटच्या ओळीला दोनदा अधोरेखित केलेले होते: कपडे आणू नयेत.